वास्तुकलेतील पीएचडी आणि ‘नियमित’ मार्गदर्शकाची अट: पार्श्वभूमी

पीएचडीच्या विद्यार्थ्याचा मार्गदर्शक हा संस्थेच्या सेवेतील नियमित शिक्षकच असावा, अशी अट आहे. वास्तुकलेत ती अडचणीची का ठरते, हे पार्श्वभूमी पाहिल्यावर कळते. मुंबईत वास्तुकलेचे शिक्षण व्यवसायाच्या आश्रयाने वाढले. १८५७ साली सुरू झालेल्या येथील कलाशाळेत (सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट) पुढे वास्तुरचनेचे वर्ग निघाले, तिच्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये काढलेली वास्तुविशारदांची संघटना १९२९ मध्ये देशव्यापी झाली आणि पदविकेच्या जागी विद्यापीठाची पदवी आली ती स्वातंत्र्यानंतर. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने नोंदणीसाठी पीएचडी मागितली नाही, आजही ती लागत नाही. तिची गरज निर्माण झाली ती व्यवसायात नव्हे, तर महाविद्यालयातील बढती आणि वेतनश्रेणी यांच्या निकषांमुळे.

हे निकष कोणी ठरवायचे, हा वाद बराच काळ चालला, कारण १९८७ च्या तंत्रशिक्षणविषयक कायद्याने आपल्या व्याख्येत वास्तुकलेलाही सामावून घेतले आणि एकाच महाविद्यालयावर वास्तुकला परिषद आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद अशा दोन परिषदांचे नियम लागू झाले. कोल्हापूरच्या एका महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०१९ रोजी वास्तुकलेच्या परिषदेचा अधिकार वरचढ ठरवला. संशोधन पदवीचे किमान नियम मात्र विद्यापीठांवर देखरेख करणाऱ्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्याच हाती राहिले.

आयोगाच्या २००९ च्या नियमांनी दूरशिक्षणाने पीएचडी करण्याची वाट बंद केली. २०१६ च्या नियमांनी मार्गदर्शक होण्यासाठी नियमित प्राध्यापकाकडे किमान ५ आणि पीएचडीधारक सहयोगी वा सहायक प्राध्यापकाकडे किमान २ शोधनिबंध असावेत, अशी अट घातली आणि एका वेळी अनुक्रमे ८, ६ आणि ४ विद्यार्थ्यांची मर्यादा आखली. इतिहास किंवा रसायनशास्त्राच्या विभागात हे निकष सहज बसतात. वास्तुकलेत ज्यांनी जुन्या चाळींची मोजणी केली, वारसा इमारतींच्या दुरुस्तीचे नकाशे काढले, ज्यांच्या कार्यालयातील कपाटांत शहराच्या बांधकामाची अर्ध्या शतकाची कागदपत्रे आहेत, त्यांच्यापैकी अनेकांपाशी ना पीएचडी आहे ना शोधनिबंध. ज्ञान एका दालनात आणि सही करण्याचा अधिकार दुसऱ्या दालनात, अशी ही विभागणी झाली.

७ नोव्हेंबर २०२२ च्या अधिसूचनेने ती सैल करण्याऐवजी शब्दबद्ध केली: अभ्यागत स्वरूपाच्या संलग्न (अ‍ॅडजंक्ट, म्हणजे नियमित सेवेत नसलेल्या) शिक्षकांना मुख्य मार्गदर्शक होता येणार नाही, फार तर सहमार्गदर्शक होता येईल. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी अवधी उरलेल्या अध्यापकांना नवे विद्यार्थी घेण्यासही मनाई झाली. दर्जा राखण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. पण ज्या विषयात पीएचडीधारक पूर्णवेळ शिक्षक मुळातच थोडे, तिथे या अटीची पहिली झळ विद्यार्थ्यालाच बसते. प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊनही मार्गदर्शकाकडे जागा रिकामी होईपर्यंत त्याला थांबावे लागू शकते.

त्याच अधिसूचनेने प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती काढली, एमफिल ही पीएचडीच्या आधीची संशोधन पदवी थांबवली आणि कोर्सवर्कसह (सुरुवातीच्या अभ्यासक्रमासह) किमान ३ व कमाल ६ वर्षांचा सर्वसाधारण कालावधी ठेवला. अर्धवेळ पीएचडीची सोयही राहिली, जी मुंबईत नोकरी वा व्यवसाय सांभाळणाऱ्यांच्या दृष्टीने कळीची आहे. त्यासाठी नोकरी देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत पत्र मागितले जाते. महाविद्यालयातील अध्यापकाला ते प्राचार्यांकडून मिळते. स्वतःचेच कार्यालय चालवणाऱ्या वास्तुविशारदाने ते कोणाकडून आणायचे, याचा विचार नियम लिहिताना झालेला दिसत नाही.