पॅरिश नोंदवही (इंग्लंड)

पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतील गाव वा वस्ती) चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवणारी वही. जमीनजुमला वा किताब नसलेल्या इंग्लिश गावकऱ्याची वंशावळ १८३७ च्या, म्हणजे सरकारी जन्ममृत्यू नोंदणीच्या मागे न्यायची तर मुख्य आधार हाच.

वही ठेवण्याचा आदेश राजा आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने सप्टेंबर १५३८ मध्ये काढला. दर आठवड्याच्या नोंदी चर्चचा कारभार पाहणाऱ्या वॉर्डनसमक्ष लिहाव्यात, वही दोन कुलुपांच्या पेटीत ठेवावी, असे त्यात होते. हेतूबद्दल मतभेद आहेत. नवा कर येणार अशी भीती त्या काळी लोकांत होती. काहींच्या मते अर्भकांचा बाप्तिस्मा नाकारणारे ॲनाबॅप्टिस्ट हुडकण्याचा तो उपाय होता. वय व वारसा यांचे तंटे टळावेत हे क्रॉमवेलने स्वतः दिलेले कारण अधिक ग्राह्य वाटते. स्पेनमध्ये कार्डिनल सिस्नेरोसने पंधराव्या शतकाच्या अखेरीस अशाच नोंदी सुरू करविल्या होत्या. तथापि त्यांचा इंग्लंडशी थेट संबंध जोडणे धाडसाचे ठरेल.

आरंभीच्या वह्या बहुधा कागदी होत्या. १५९८ च्या सुमारास त्या चर्मपत्रावर उतरवताना ‘विशेषतः’ एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनच्या (१५५८) नोंदी घ्याव्यात, असे सांगितले गेले. या सवलतीमुळे पुष्कळ गावांची पहिली वीस वर्षे कायमची गेली. १६४० नंतरच्या यादवीतही खंड पडले. बिशपकडे धाडलेल्या वार्षिक प्रतींतून काही भरून निघतात.

१७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून मे १६९५ मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १६९५ मध्ये अपत्याचा बाप्तिस्मा असे दिसले, तर तो फेब्रुवारी आजच्या गणनेने १६९६ चा होय. याहून मोठा धोका नामसाम्याचा. १८१३ मध्ये छापील नमुना येईपर्यंत बाप्तिस्म्याच्या नोंदीत बहुधा आईबापांची नावेच असत. व्यवसाय क्वचित, आईचे माहेरचे आडनाव त्याहून क्वचित. एकाच गावात दोन जॉन असतील, तर दफनाच्या नोंदीही पाहिल्याच पाहिजेत. तान्हेपणीच वारलेले मूल पूर्वज ठरवलेल्या वंशावळी थोड्या नाहीत.

गरिबांबाबत १६६२ च्या वसती कायद्याखालील (गरिबाला पोसण्याची जबाबदारी कोणत्या पॅरिशची हे ठरवणारा कायदा) जबान्या मोलाच्या आहेत: जन्मगाव, चाकरी, मालक हे सारे त्यांच्याच तोंडून येते. १८५१ च्या जनगणनेत जन्माचे पॅरिश मिळते. १५३८ पूर्वी मॅनरच्या (जमीनदाराच्या जहागिरीच्या) न्यायालयाचे दप्तर उरते. त्यात जमीन कसणारी कुळे दिसतात, भूमिहीन क्वचितच.

ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती होऊन मुंबई इलाख्यात वारलेल्यांचे दफन गावच्या वहीत नसते. इलाख्यातील चर्चनोंदींच्या लंडनला गेलेल्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत आहेत.