फिल्डवर्कचे एवढे नियम आले कुठून?

एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या मास्टर्सला, ॲडमिशन झालं की ओरिएंटेशनमध्येच सांगतात, फिल्डवर्कसाठी आठवड्यातून दोन दिवस एजन्सीत, म्हणजे एखाद्या सामाजिक संस्थेत, जायचं, वेळेवर पोचायचं, रिपोर्ट ठरल्या दिवशी द्यायचा, वस्तीत कुणाला पैसे द्यायचे नाहीत, कुणाकडून घ्यायचे नाहीत, आणि जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द द्यायचा नाही. मुलांना वाटतं कॉलेजने शिस्तीसाठी लादलंय सगळं. मी काही वर्षं विद्यार्थ्यांचं सुपरव्हिजन करतेय आणि दरवर्षी हा प्रश्न येतोच, म्हणून जरा मागचं सांगते.

सुरुवात अमेरिकेत. तिकडे गरिबांच्या घरी भेटी द्यायला स्वयंसेवक जायचे आणि मदत कुणाला द्यायची हे बरेचदा आपापल्या समजुतीने ठरवायचे. या कामाला रीतसर शिक्षण पाहिजे असं याच कामातल्या मेरी रिचमंड १८९७ मध्ये जाहीरपणे म्हणाल्या, आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सहा आठवड्यांचा उन्हाळी कोर्स सुरू झाला. आपल्याकडे ना. म. जोशींनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं असं खूप मोठं काम केलं. पण पूर्णवेळ शिक्षण म्हणाल तर त्यासाठी १९३६ उजाडावं लागलं.

त्या वर्षी मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं, म्हणजे आजचं टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस). पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट, ते अमेरिकन मराठी मिशनतर्फे इथे आले होते आणि नागपाड्याला नेबरहूड हाऊस, म्हणजे वस्तीतलं समाजकेंद्र, चालवायचे. स्कूलही सुरुवातीला तिथेच भरायचं. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं, कारण वर्गाबाहेर पाऊल टाकलं की समोर नागपाडाच! फिल्डला "जायचं" असं वेगळं काही नव्हतंच जवळजवळ. पुढे १९५४ ला संस्था देवनारला गेली, १९५५ ला मुंबईतच निर्मला निकेतन, १९६३ ला पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, अशी कॉलेजं वाढत गेली. वर्ग एकीकडे, वस्ती दुसरीकडे, मग विद्यार्थी तिथे जाऊन नेमकं काय करतो हे शिक्षकाला कळायचं कसं? रिपोर्ट, आयसी (सुपरव्हायझर आणि विद्यार्थी दोघांचीच चर्चा), सुपरव्हायझर यांचं वजन त्यामुळेच वाढलं असं माझं मत.

रिपोर्ट लिहायची प्रोसेस रेकॉर्डिंग ही पद्धत अमेरिकन केसवर्कमधून, म्हणजे एकेका व्यक्तीसोबत करायच्या कामातून, आली. समोरची बाई काय म्हणाली, मी काय म्हणाले, तेव्हा मला काय वाटलं, सगळं लिहायचं. मागे एका मुलाच्या रिपोर्टमध्ये ओळ होती, "ताई रडायला लागल्या, मी म्हणालो काळजी करू नका, रेशन कार्डाचं काम होऊन जाईल." मी त्याखाली लाल पेनाने रेघ मारली आणि आयसीला विचारलं, कोण करणार आहे हे काम? तो गप्पच झाला. त्याचं मन चांगलंच होतं हो, पण त्या ताई पुढचे कितीतरी दिवस त्या एका वाक्याच्या भरवशावर बसल्या असत्या आणि हा सेमिस्टर संपल्यावर निघून गेला असता.

नीतिमूल्यं लेखी यायला मात्र वेळ लागला. अमेरिकेत १९६० ला आचारसंहिता झाली, भारतात शिक्षकांच्या गटाने व्यावसायिक समाजकार्यकर्त्यांसाठी नैतिकतेचा जाहीरनामा काढला तो १९९७ मध्ये. पण वकिलांना बार कौन्सिल आहे तशी समाजकार्याला स्वतःची कायदेशीर परिषद नाही, त्यामुळे मुलांना हे सगळं शिकवायचा भार कॉलेजच्या मॅन्युअलवर आणि सुपरव्हायझरवरच येतो.

मग २०१२ ला पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, आला. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक, त्यात विद्यार्थीही आला. शिवाय २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे, म्हणून बालगृहातला सेल्फी स्टेटसला टाकायचा नाही म्हणजे नाही. गोपनीयता पाळायची असं आम्हीच शिकवतो आणि पॉक्सो सांगतो कळवा, आमचे विद्यार्थी इथेच गोंधळतात. म्हणून आता मी पहिल्याच दिवशी सांगते, एखादं लेकरू म्हणालं "दादा, कुणाला सांगणार नाही ना?" तर "नाही सांगणार" असं म्हणायचं नाही. "तू मला सांग, पण तुला जपायला लागलं तर मला मोठ्या माणसांची मदत घ्यावी लागेल," एवढं ते बोलायच्या आधी सांगायचं.