साखर घातली नाही म्हणजे साखर नाही, असं नव्हे

दिवाळी जवळ आली की फॅमिली ग्रुपवर खजुराच्या कुकीजची रेसिपी हमखास येते. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘शुगर-फ्री! डायबेटिसवाल्यांनी बिनधास्त खा!’ रेसिपी बहुतेक वेळा चांगली असते. खालची ओळ मात्र साफ चुकीची, आणि दरवर्षी तीच.

‘साखर न घातलेली’ आणि ‘शुगर-फ्री’ या दोन वेगळ्या कुकीज आहेत. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे पाकिटावर शुगर-फ्री लिहायचं तर १०० ग्रॅम मालात साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. बिया काढलेल्या १०० ग्रॅम खजुरात ती साधारण ६५ ग्रॅम असते. एवढं कळलं तरी ती ओळ कोणी फॉरवर्ड करणार नाही.

करण्याच्या पद्धतीतला फरक किरकोळ आहे. फळाच्या गरात पाणी असतं, म्हणून कुकी कुरकुरीत न होता मऊ होते, ओव्हनमध्ये आपोआप पसरत नाही, ती हाताने चपटी करून ठेवावी लागते. रंग लवकर चढतो, तेव्हा १८० ऐवजी १६५–१७० अंशांवर भाजा. डबा फ्रीजमध्ये ठेवा. झालं.

खरी गफलत हिशेबात होते. १२ कुकीजना १०० ग्रॅम साखर घातली तर एकीत आठ ग्रॅमच्या आसपास साखर येते. तीच काढून १५० ग्रॅम खजूर वाटून घातला तर साखर होते साधारण ९७ ग्रॅम, म्हणजे पुन्हा एकीत आठच ग्रॅम, सपाट दोन चमचे. तंतू मिळतात, पोटॅशियम मिळतं, चव तर उत्तमच. पण साखर गेली कुठे? कुठेच नाही. त्यात १५० ग्रॅम कणीक धरा, की एका कुकीत कर्बोदकं, म्हणजे साखर आणि पिठातला स्टार्च मिळून, १८ ग्रॅमच्या घरात जातात. लहान फुलक्यात ती १५ ग्रॅम असतात. ‘शुगर-फ्री आहेत हो’ म्हणत चहाबरोबर तीन कुकीज खाणाऱ्या काकांनी तीन फुलक्यांहून जास्त खाल्लेलं असतं, आणि रात्रीचं जेवण आहे तेवढंच!

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘पण खजुराचा जीआय (ग्लायसेमिक इंडेक्स) कमी असतो.’ साखरेपेक्षा कमी असतो, मान्य. पण जीआय रक्तातली साखर किती झपाट्याने चढते ते सांगतो. तुम्ही किती खजूर खाल्ला ते त्याला ठाऊक नसतं. गूळ, मध आणि फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट यांवर तर बोलायलाच नको. मध आणि फळांचा रस यांतली साखर जागतिक आरोग्य संघटनाही साध्या साखरेच्याच रांगेत बसवते. ‘गुळाची आहेत, चालतात’ हे वाक्य मला यापुढे ऐकायचं नाही.

मग फळं घालायचीच नाहीत का? घाला, पण कणीक बदला आणि गोडी कमी करा. माझी पसंती बदामाच्या पुडीला: १५० ग्रॅम पूड, सफरचंद शिजवून घोटलेला १०० ग्रॅम गर, तीन लहान खजूर, एक अंडं, दालचिनी, चिमूटभर मीठ. याच्या १२ केल्या तर एकीत कर्बोदकं पाच ग्रॅमच्या आसपास येतात. केळं घालायचं असेल तर काळे ठिपके पडलेलं नको. पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होत जाते. किंचित करकरीत केळं कमी गोड लागेल, लागू दे. बदामाने उष्मांक वाढतात हे खरं, म्हणून दोनवर थांबा.

विकतच्या पाकिटावर समोरचं हिरवं पान आणि फळांची चित्रं बघू नका. उलटवून ‘टोटल शुगर्स’ आणि त्याच्या वरची ‘कार्बोहायड्रेट’ची ओळ वाचा. खऱ्या शुगर-फ्री बिस्किटातही पीठ असतंच. त्यात साखरेऐवजी माल्टिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ असेल तर तेही रक्तातली साखर थोडीफार वाढवतं, आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडवतं.

खजुराच्याच करायच्या असतील तर खुशाल करा. एक खा, त्या जेवणात एक फुलका कमी करा, आणि घरी ग्लुकोमीटर असेल तर खाण्याआधी आणि दोन तासांनी बोट टोचून बघा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र ती कुकी शून्य धरून डोस ठरवू नये. कुकीतल्या कर्बोदकांचे ग्रॅम डॉक्टरांना सांगून डोस बसवून घ्यावा.