कुत्र्याला गाडी लागते की गाडीची भीती वाटते?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मोटारीमागे राहण्याचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, जोडून, कुत्र्यांना बरोबर घेऊन मुक्कामामुक्कामाने फिरणाऱ्यांना एक दृश्य चांगले परिचयाचे असते. प्रवास सुरू होऊन फार वेळ झालेला नसतो, तोच मागच्या सीटवरचा कुत्रा लाळ गाळू लागतो, जांभया देतो, वारंवार ओठ चाटतो आणि शेवटी ओकतो. 'याला गाडी लागते' असे म्हणून घरचे पुढच्या वेळी उलटीची गोळी बरोबर घेतात. मात्र लाळ, जांभया, धापा, इतकेच काय उलटीसुद्धा निव्वळ भीतीनेही होते. गाडी लागणे हा अंतर्कर्णातून उद्भवणारा त्रास आहे आणि गाडीची भीती ही मनात बसलेली धास्ती आहे; दोहोंची लक्षणे इतकी मिसळलेली असतात की वर्षानुवर्षे चुकीचा उपाय चालू राहतो आणि मुके जनावर ते सोसत राहते.

आधी गाडी लागण्याविषयी. अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या मुळाशी असलेले दोन लहान कोश डोके कोणत्या दिशेला वळले, वेग वाढला की कमी झाला, याची खबर मेंदूला सतत देत असतात. गाडीत बसलेल्या कुत्र्याच्या डोळ्यांपुढे सीटची पाठ स्थिर दिसते, कान मात्र प्रत्येक वळण आणि प्रत्येक हिसका नोंदवतो. या विसंगत संदेशांमुळे मळमळ सुरू होते. मागे ट्रेलर असला की त्यात भर पडते, कारण खड्ड्यावरून जाताना हिचवरच्या, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या सांध्यावरच्या, वजनामुळे गाडीचा मागचा भाग वरखाली डोलतो आणि ब्रेक लावल्यावर मागून धक्का बसतो. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के भार हिचवर यावा, असे सामान भरताना सांगितले जाते. हा भार फार कमी पडला तर ट्रेलर डावीउजवीकडे झुलू लागतो. तो आधी माणसांच्या जिवाला धोका आहेच, पण कुत्र्याच्या पोटालाही तो सोसत नाही. तोल सांभाळणारी यंत्रणा पूर्ण वाढलेली नसल्यामुळे पिल्लांना हा त्रास अधिक होतो, आणि पुष्कळ पिल्ले वर्षाची होईपर्यंत त्यातून बाहेरही पडतात.

भीतीला मात्र गाडी हलण्याची गरज नसते. पट्टा हातात घेतला, सामान बाहेर काढले किंवा हिच जोडतानाचा खणखणाट झाला की घाबरणारा कुत्रा शेपूट पोटाशी घेतो, दाराशी अडून बसतो, थरथरतो. म्हणून लक्षण कोणते आहे यापेक्षा ते केव्हा सुरू होते आणि केव्हा थांबते, याकडे पाहणे मला अधिक विश्वासार्ह वाटते. मळमळ गाडी चालू लागल्यावर हळूहळू चढते, वळणाच्या रस्त्यावर वाढते आणि थांबून थोडे चालवून आणले की उतरू लागते. भीती दार उघडतानाच सुरू झालेली असते आणि सरळ, गुळगुळीत रस्त्यावरही तशीच राहते.

घरीच करता येण्याजोगी एक चाचणी आहे. कुत्र्याला घेऊन इंजिन बंद असलेल्या गाडीत काही मिनिटे स्वस्थ बसावे, दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू करून बसावे, आणि तिसऱ्या दिवशी सरळ रस्त्यावर अगदी थोडे अंतर जावे. उभ्या गाडीत लाळ गळू लागली, तर तेथे अंतर्कर्णाचा प्रश्नच येत नाही. हाच कस मुक्कामावर उभ्या असलेल्या ट्रेलरलाही लावता येतो. काही कुत्री गाडीत निवांत असतात आणि ट्रेलरच्या जाळीदार पायरीवर पाय ठेवायला घाबरतात, किंवा स्टॅबिलायझर जॅक (उभा ट्रेलर स्थिर ठेवणारे टेकू) खाली न सोडल्यामुळे आत माणूस चालला की ट्रेलरची जमीन हलते, याने बिचकतात.

अंगाची ठेवणही बरेच सांगते. मळमळणारा कुत्रा गप्प होतो, मान खाली घालतो, पुन्हापुन्हा आवंढे गिळतो. भ्यालेल्या कुत्र्याचे अंग ताठ असते, डोळ्यांचे पांढरे दिसते, तो कण्हतो, भुंकतो, एका जागी ठरत नाही. धापेवरून मात्र उन्हाळ्यात घाईने काही ठरवू नये; गाडी आतून तापली आहे का, हे सर्वांत आधी पाहावे, कारण उष्माघातात मिनिटांना किंमत असते.

खरा गुंता पुढे आहे, कारण पहिल्या त्रासातूनच पुष्कळदा दुसरा जन्मतो. अन्न येण्याआधी मिळणाऱ्या खुणेनेही कुत्र्याला लाळ सुटते, हे रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांनी प्रयोगांतून दाखवले. त्याच रीतीने, पिल्लूपणी प्रत्येक प्रवासात ओकलेला कुत्रा मोठेपणी गाडी नुसती पाहूनच लाळ गाळू लागतो. त्याचा कान केव्हाच पक्व झालेला असतो, आठवण मात्र गेलेली नसते. अशा कुत्र्याचा पूर्वेतिहास पशुवैद्याला आवर्जून सांगावा.

गाडी लागण्यावर मॅरोपिटंट हे परिणामकारक औषध आहे. ते प्रवासाच्या किमान 2 तास आधी द्यावे लागते. प्रवासातील उलटीसाठीची त्याची मात्रा साध्या उलटीच्या मात्रेपेक्षा बरीच जास्त, वजनाच्या दर किलोला 2 ऐवजी 8 मिलिग्रॅम, अशी ठरलेली आहे. त्यामुळे मागच्या आजारपणातील उरलेल्या गोळ्या अंदाजाने देऊ नयेत. निघण्यापूर्वी भरपेट खायला घालू नये, पाणी तोडू नये, खिडकी किंचित उघडी ठेवावी आणि कुत्र्याला हार्नेसने किंवा नीट बांधलेल्या क्रेटमध्ये (पिंजऱ्यात) ओढणाऱ्या गाडीतच बसवावे. चालत्या ट्रेलरमध्ये त्याला कधीही ठेवू नये: तेथे झोके अधिक बसतात, सामान अंगावर पडू शकते, आणि तो ओकला किंवा उन्हाने कासावीस झाला तरी कोणाला कळत नाही.

मॅरोपिटंटने उलटी थांबते, भीती जात नाही. गोळीनंतर ओकणे बंद झाले आणि थरथर तशीच राहिली, तर तेच निदान समजावे. भीतीवरचा उपाय सावकाशीचा आहे, आणि सुट्टीच्या आदल्या आठवड्यात तो सुरू करून भागत नाही. दाराजवळ खाऊ, मग उभ्या गाडीत खाऊ, मग चार घरे ओलांडून परत, असे टप्पे कुत्र्याच्या कलाने चढावे लागतात; ट्रेलर दाराशी उभा करून त्याचे रोजचे अंथरूण काही रात्री त्यातच घालणेही फार उपयोगी पडते. भीती तीव्र असेल तर पशुवैद्य ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिनसारखी औषधे देतात, आणि त्यांची पहिली मात्रा घरीच देऊन पाहणे शहाणपणाचे असते. एसेप्रोमेझिन या गुंगी आणणाऱ्या औषधाबद्दल मात्र मी सावध करू इच्छितो: त्याने अंग सुस्तावते, पण मनातील भीती कमी होईलच असे नाही, आणि शरीराचे तापमान राखण्याची क्षमता मंदावते, जे उन्हाळ्यात धोक्याचे आहे.

काही लक्षणे या दोहोंतही बसत नाहीत. डोके एका बाजूला कलणे, तोल जाऊन पडणे, बुबुळे झटक्यांनी एकाच दिशेला सरकत राहणे, ही तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या आजाराची चिन्हे आहेत. पोट फुगलेले असून कुत्रा ओकण्यासाठी जोर करतो आणि काहीच बाहेर पडत नाही, असे दिसले तर ट्रेलर तेथेच सोडून जवळचा पशुवैद्य गाठावा.