तरोटा

तरोटा म्हणजे पावसाळ्यात आपोआप उगवणारी, जराशी कडवट रानभाजी, शास्त्रीय नाव सेन्ना टोरा, जुन्या पुस्तकांत कॅसिया टोरा. कोकणात हिलाच टाकळा म्हणतात, आयुर्वेदात चक्रमर्द. नागपुरात बघायला कुठं लांब जायची गरज नाही, लेआऊटमधल्या रिकाम्या प्लॉटवर मृगाचे दोन चार पाऊस झाले की हिरवागार गालिचाच पसरतो, आणि ढोरं सहसा तोंड लावत नाहीत म्हणून तो टिकतोही.

पानाला समोरासमोर तीन जोड्या पानोळ्या (म्हणजे एका पानाची छोटी छोटी पानं), टोकाला गोलसर, रात्री मिटतात. श्रावण-भादव्याकडे पिवळी फुलं, मग चवळीसारख्या पण बारीक अन् वाकड्या शेंगा. पण खायचा टाइम त्याच्या फार आधीचा, रोप वीतभर असतानाच शेंडे खुडायचे, कारण फुलावर आला की पानं जून अन् कडू होतात, उग्र वास येतो, मग कितीही लसूण टाका काही फरक पडत नाही. बाजारात ढीग लावून बसलेल्या बायांकडून घेताना देठ नखानं तुटतो का तेवढं पाहायचं, बाकी सगळं गौण.

भाजी सोपी आहे, पानं उकडून पाणी पिळून टाकायचं (कडूपणा बराचसा इथंच जातो), मग तेलात भरपूर लसूण, लाल मिरची, कांदा आणि भिजवलेली चण्याची डाळ घालून परतायची, सोबत ज्वारीची भाकर. काही जण न उकडताच करतात, ज्यांना कडू चालतं त्यांनी करावी.

पानांत आणि बियांत अँथ्राक्विनोन गटातली द्रव्यं असतात, त्यामुळे जास्त खाल्ली तर पोट ढिलं होतं. गजकर्ण, खरजेवर पाला वाटून लावायची पद्धत जुनी आहे. बिया भाजून कॉफीसारख्या उकळतात, आणि त्याच बियांपासून कॅसिया गम बनतो जो कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाण्यात घट्टपणासाठी वापरतात, म्हणजे आपल्या प्लॉटवरचं तण पार परदेशातल्या मांजरीपर्यंत पोचतं!

एक मात्र सांभाळा. कासविंदा दिसायला याच्याच घरचा, पण त्याच्या पानोळ्या चार-पाच जोड्या आणि टोकदार असतात. त्याच्या शेंगा-बिया विषारी, पश्चिम उत्तर प्रदेशात त्या खाऊन लहान मुलं दगावलेली आहेत. आणि नाल्याकाठचा, रस्त्याकडेचा तरोटा फुकट असला तरी तोडू नका.