लेंडी एक, बाटल्या दोन
नमुने गोळा करायला निघण्याआधी पाच मिनिटे काढून हे वाचा

आमच्याकडून नमुन्यांच्या बाटल्या, रक्ताच्या नळ्या आणि थंड पेट्या नेणाऱ्या सर्वांसाठी हे पत्रक आहे. पशुवैद्यक, हरणांवर प्रबंध करणारे विद्यार्थी, प्राणिसंग्रहालयांतले कर्मचारी असे सगळेच आमच्याकडे येतात आणि बहुतेकांचे म्हणणे एकच असते: "सगळ्या बाटल्यांत फॉर्मॅलिन भरून द्या, म्हणजे झंझट नाही." आम्ही नाही म्हणतो. का म्हणतो ते काउंटरवर गर्दीत नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून देत आहोत.

फॉर्मॅलिन म्हणजे नमुना सडू न देणारे फॉर्मल्डिहाइडचे द्रावण. त्याची सवय शवविच्छेदनाच्या टेबलावरून आली आहे. यकृताचा किंवा फुप्फुसाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा असेल तर तेच हवे, दुसरे काही चालणार नाही. पण फॉर्मॅलिन पेशीतली प्रथिने आणि डीएनए एकमेकांत जखडून टाकते. डीएनएचे तुकडे पडतात, जिवाणू-विषाणू मरतात. मग त्या नमुन्यातून ना कळपाची वंशावळ नीट निघते, ना जंतू वाढवून पाहता येतात.

गेल्या उन्हाळ्यात एक विद्यार्थी चितळांच्या लेंड्या घेऊन आला. दोन आठवडे पहाटे उठून जमवलेल्या, प्रत्येक बाटलीवर जागा आणि वेळ लिहिलेली. काम इतके नेटके की पाहून बरे वाटले. पण सगळ्या लेंड्या फॉर्मॅलिनमध्ये होत्या आणि त्याला हवा होता डीएनए. जंतांची अंडी मोजायला त्या उपयोगी पडल्या. बाकीच्या कामासाठी पुन्हा रानात जावे लागले. तोवर पहिला पाऊस होऊन गेला होता. भिजलेल्या लेंडीवरचा डीएनए धुऊन जातो.

म्हणून लेंडी घेतानाच तिचे दोन वाटे करा. लेंडी आतड्यातून सरकताना तिच्या बाहेरच्या थरावर हरणाच्या स्वतःच्या पेशी चिकटतात. जनुकीय तपासणीला त्याच लागतात. ताजी, ओलसर चमक असलेली लेंडी निवडा, हातमोजे घाला, दर ढिगाला नवी काडी वापरा. हा वाटा ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोलमध्ये टाका, अल्कोहोल नमुन्याच्या किमान पाचपट असू द्या. औषधाच्या दुकानातले स्पिरिट यासाठी नको. दुसरा वाटा जंतांसाठी: फक्त अंडी मोजायची असतील तर १० टक्के फॉर्मॅलिन चालेल, अळ्या वाढवून जंताची जात ओळखायची असेल तर काहीही न घालता लेंडी तशीच लवकर पोहोचवा. मांसाचा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवायचा तर मुगाएवढा कापा. मोठ्या तुकड्यात अल्कोहोल आत शिरत नाही आणि तो मधूनच सडतो.

आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका. अल्कोहोल सांडले की पेनची आणि मार्करची शाई पुसली जाते.

रक्ताचेही असेच. जांभळ्या टोपणाची नळी पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढून जंतू शोधण्याची तपासणी) आणि डीएनएसाठी. लाल टोपणाची सीरमसाठी, म्हणजे रक्त साकळल्यावर वर उरणाऱ्या पिवळसर पाण्यासाठी. तिच्यातले रक्त आधी साकळू द्या, सीरम वेगळे करा, मगच थंड करा. अख्खे रक्त बर्फाला चिकटून गोठले तर तांबड्या पेशी फुटतात आणि सीरम लाल होते. हिरव्या टोपणाची नळी जिवंत पेशी लागणाऱ्या तपासण्यांसाठी, उदाहरणार्थ गुणसूत्रे मोजायला. भेकरावर काम करणाऱ्यांना तिचे महत्त्व वेगळे सांगायला नको. भारतीय भेकराच्या मादीत गुणसूत्रे फक्त ६ आणि नरात ७, सस्तन प्राण्यांत याहून कमी कुणाचीच माहीत नाहीत.

अमेरिकेतल्या हरणांना झिजवत मारणाऱ्या 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' या रोगाच्या बातम्या वाचूनही लोक विचारायला येतात. तो रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त हरणांत पहिल्यांदा दिसला. त्याला कारण विषाणू नव्हे, तर प्रायॉन नावाचे बिघडलेले प्रथिन. २०१६ मध्ये तो नॉर्वेच्या रानटी रेनडियरमध्येही सापडला. प्रायॉनच्या जनुकातल्या काही फरकांमुळे काही हरणांत रोग सावकाश वाढतो, त्यामुळे तिथे रोग आणि जनुक यांचा अभ्यास हातात हात घालून चालतो. त्या तपासणीत मेंदूच्या देठाचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा ताजा, गोठवलेला ठेवतात. म्हणजे तिथेही वाटे दोनच. फॉर्मॅलिनने प्रायॉनची संसर्गशक्ती जात नाही, हेही लक्षात असू द्या.

न्यूझीलंडसारखी हरणांची शेती आपल्याकडे करता येत नाही, त्यामुळे त्यासाठी लागणारे सामान कृपया मागू नका.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरच्या काळविटाला आपण सगळे हरीणच म्हणतो. पण त्याची शिंगे गळत नाहीत. तो गाय-शेळीच्या कुळातला. चितळ, सांबर, भेकर यांची शिंगे दरवर्षी गळून नवी येतात, त्यांचे कूळ वेगळे. चिठ्ठीवर नुसते 'हरीण' लिहिले तर प्रयोगशाळेत चुकीचे रसायन वापरले जाऊ शकते. शेळ्यांचा पीपीआर हा विषाणूजन्य रोग काळविटालाही होऊ शकतो, म्हणून जवळपास शेळ्या चरत होत्या का, तेही लिहा.

शेतात काळवीट मेलेले दिसले तर त्याचा तुकडा घेऊन आमच्याकडे येऊ नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार परवानगीशिवाय नमुना घेणे गुन्हा आहे. सांबराचे गळलेले शिंग घरी ठेवणेसुद्धा. वन्य प्राण्याच्या कामासाठी आम्ही परवानगीची प्रत आणि अल्कोहोलसाठी संस्थेचे पत्र मागतो ते याचसाठी. संशय म्हणून नव्हे.

आमची अल्कोहोलची बाटली महाग वाटते, हे आम्ही ऐकून आहोत. तिचे झाकण गळत नाही, आत चिठ्ठी आणि पेन्सिल असते आणि प्रत्येक बाटली भरल्यावर आम्ही रात्रभर उलटी ठेवून तपासतो. प्रवास लांबचा असेल तर ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलची डबीही मिळते; निळे दाणे गुलाबी झाले की बदलून न्या, पैसे घेत नाही.

पुण्याच्या किंवा हैदराबादच्या प्रयोगशाळांना जाणारी थंड पार्सले आम्ही सोमवार ते गुरुवारच घेतो. शुक्रवारी निघालेली पेटी रविवारी कुठल्यातरी गोदामात पडून राहते, आणि मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात बर्फाच्या पिशव्या किती वेळ टिकतात ते तुम्हाला माहीत आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करा, जेलच्या पिशव्या गोठवून तयार ठेवू. कोणती तपासणी करायची आहे एवढे मात्र फोनवरच सांगा.