रिफंड आला म्हणजे भरपाई मिळाली, असं नसतं

संभाजीनगरच्या चिकलठाणा एअरपोर्टवरून मुंबई किंवा दिल्लीची फ्लाइट ऐनवेळी रद्द झाली की आपल्याकडं एकच वाक्य ऐकू येतं, "जाऊ द्या हो, कंपनीनं पैसे तर परत दिले ना." हे ऐकून ऐकून कान किटले. अहो, परत आले ते तुमचेच पैसे होते. किराणा दुकानदारानं माल दिला नाही अन् घेतलेला ॲडव्हान्स परत केला तर त्याला कुणी भरपाई म्हणत नाही, मग विमान कंपनीलाच ही सूट का?

रिफंडचं फार सांगत बसत नाही, ते सगळ्यांना माहितीये. फ्लाइट कंपनीनं रद्द केली की तिकिटाचे पूर्ण पैसे परत, मग कारण धुकं असो नाहीतर अजून काही. फक्त ते पैसे खात्यात घ्यायचे का कंपनीकडंच क्रेडिट म्हणून ठेवायचे, हे प्रवाशानं ठरवायचं असतं. परस्पर क्रेडिटमध्ये टाकले असतील तर सरळ मेल करून खात्यात मागा.

आता भरपाई. लोक अडकतात ते इथंच. डीजीसीए म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिचा नियम २०१० पासून आहे अन् २०१६ मध्ये रकमा वाढल्या. फ्लाइट रद्द होणार हे कंपनीनं निदान २४ तास आधी कळवलं नाही, तर तिच्यापुढं दोन रस्ते असतात: तुम्हाला चालेल अशी दुसरी फ्लाइट द्यायची, नाहीतर पूर्ण रिफंड अन् त्याच्या वरून भरपाई. 'वरून' हा शब्द नीट वाचा. रिफंडच्या बदल्यात नाही, रिफंडच्या वरून. किती, तर फ्लाइटचा वेळ १ तासापर्यंत असेल तर ५,०००, १ ते २ तास असेल तर ७,५०० अन् २ तासांच्या पुढं १०,०००, पण तिकिटाचा बेसिक फेअर (म्हणजे मूळ भाडं) अन् फ्युएल चार्ज मिळून होणारी रक्कम या आकड्याहून कमी असेल तर तेवढीच. म्हणजे दीड तासाच्या फ्लाइटचा बेसिक फेअर अन् फ्युएल मिळून ३,२०० असेल तर भरपाई ३,२००, ७,५०० नाही. "दहा हजार मिळतात" असं जे व्हॉट्सॲपवर फिरतं ते अर्धवट आहे, अन् त्यामुळं माणूस काउंटरवर जाऊन चुकीची रक्कम मागतो अन् गप्प बसून परत येतो.

दुसरा फरक कारणाचा. रिफंडला कारण लागत नाही, भरपाईला लागतं. खराब हवामान, पूर, दंगल, संप, सरकारी आदेश, एटीसीची (विमानांची वाहतूक नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेची) अडचण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या गोष्टींत भरपाई नाही, अन् हे मला पटतं, डिसेंबरच्या धुक्याला कंपनी काय करणार. पण मेसेजमध्ये नुसतं 'ऑपरेशनल रिझन्स' लिहून आलं तर ते मान्य करून बसू नका, कारण त्या दोन शब्दांत काहीच सांगितलेलं नसतं. नेमकं काय झालं ते मेलवर लेखी मागा, मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा, अन् त्याच वेळेला बाकीच्या कंपन्यांची विमानं उडत होती का ते बघून ठेवा.

अन् आता जे आपल्या जालना-बीड-परभणीकडं सर्रास होतं ते. तिकीट एजंटकडून काढलं जातं. प्रिंटआउटवर एजन्सीचं नाव मोठ्या अक्षरात, प्रवाशाचं नाव बरोबर, अन् खाली काँटॅक्टच्या जागी नंबर एजंटचा. फ्लाइट रद्द झाल्याचा मेसेज जातो त्याच्या मोबाईलवर, तो दुकान बंद करून घरी गेलेला असतो, अन् तुम्ही बीडहून पहाटे गाडी करून एअरपोर्टवर पोचता. नियमात स्पष्ट आहे की बुकिंगच्या वेळी प्रवाशाचा नीट संपर्क दिला नसेल तर भरपाई मिळत नाही. रिफंड मिळेल, भरपाई गेली. म्हणून पैसे देण्याआधी एजंटला म्हणायचं, "भाऊ, माझा नंबर टाक," अन् तिकिटावर तो छापून आलेला बघूनच उठायचं. यात मी कुणाची भीड धरत नाही.

व्हाउचर हा तिसराच प्रकार. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोच्या हजारो फ्लाइट रद्द झाल्या तेव्हा जास्त हाल झालेल्यांना १०,००० चे व्हाउचर जाहीर झाले, ते नियमातल्या भरपाईपेक्षा वेगळे होते, तरी लोक तिन्ही एकत्र करून बोलत होते. भरपाई रोख किंवा बँकेत मिळायला पाहिजे, व्हाउचर द्यायचं तर तुमची लेखी संमती लागते. मी तरी सही करणार नाही.

लेट झालेल्या फ्लाइटला रोख भरपाई नाही. खाणंपिणं, ६ तासांच्या वर गेलं तर दुसरी फ्लाइट किंवा रिफंड, अन् २४ तासांच्या वर गेलं (किंवा रात्री ८ ते पहाटे ३ मधली फ्लाइट ६ तासांच्या वर लांबली) तर हॉटेल, एवढंच. सीट जास्त विकल्यामुळं वेळेत आलेल्या माणसाला चढू दिलं नाही तर मात्र गणित मोठं आहे: १ तासाच्या आत दुसरी फ्लाइट दिली नाही, पण २४ तासांत दिली तर बेसिक फेअर अधिक फ्युएल चार्जच्या दुप्पट, १०,००० पर्यंत, अन् त्याहून उशीर झाला तर चौपट, २०,००० पर्यंत.

मागायचं कसं? आधी कंपनीला मेल, त्यात दोन्ही रकमा वेगवेगळ्या ओळीत लिहा, रिफंड एवढा, भरपाई एवढी. एकच आकडा टाकला की ते रिफंड देऊन फाइल बंद करतात. मग एअरसेवावर, म्हणजे विमान प्रवाशांच्या तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर, तक्रार. तिथंही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, अन् २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे हिंगोलीच्या माणसानं हिंगोलीतच करायची, मुंबईचे हेलपाटे नाहीत, अन् तिकिटासाठी दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फीसुद्धा नाही.